बाबांच्या दोन सह्या

आमच्या घरात बाबांच्या सह्या दोन होत्या. एक मराठी, ती बाबा करायचे. दुसरी इंग्रजी, ती मी करायचे.

मराठी सही पासपोर्टवर होती, लेबर कार्डावर होती. पेन दाबून धरून, अख्खं नाव, एकेक अक्षर सुटं. इंग्रजी सही शाळेच्या कागदांवर असायची, आणि ती पाचवीत असताना मी तयार केली होती. झालं असं, की प्रगतिपुस्तकावरची मराठी सही बघून बाईंनी ते पुस्तक वर धरलं आणि विचारलं, "तुझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही?" मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मिस, अंगठा तरी येतो का विचारा." वर्ग हसला. घरी जाऊन मी सांगितलं की बाईंना इंग्रजीच सही लागते. बाबा म्हणाले, "मग तूच टाक बाय. मला कुठं येतेय." त्या दिवसापासून मीच टाकत आले. सहली, फीच्या पावत्या, बारावीचे फॉर्म, सगळीकडे. त्यात लपवाछपवी आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही. बाबांची मोटार बाबा चालवतात, आई पोळ्या करते, बाबांची इंग्रजी सही मी करते. घरातलं एक काम.

बाबा गुहागरकडचे, चौथी शिकलेले. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये, इंडस्ट्रियल एरियात फायबरच्या बोटी बनवायच्या कारखान्यात फोरमन. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून ब्रशने चिकट रेझिन चोपडायचं, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. ते धागे कातडीत शिरतात. घरी आल्यावर बाबा अर्धा तास नुसते हात खाजवत बसायचे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढले, आणि नुसती चढले नाही तर शिष्यवृत्तीवर चढले. हे मी मुद्दाम सांगते. ते माझं मी मिळवलं होतं.

कॉलेज शारजाहच्या पलीकडे, वाळूत बांधलेलं, लहानसं होतं. राहून शिकायचं. लिबरल आर्ट्स म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे चित्रकला?"

"नाही बाबा. सगळंच थोडं थोडं शिकवतात."

"मग नोकरी पण थोडी थोडीच लागेल."

पण त्यांनी अडवलं नाही. तिथे एका वर्गात बाराजण, खुर्च्या गोल मांडलेल्या. सकाळी तत्त्वज्ञान, जेवल्यावर भूगर्भशास्त्र, संध्याकाळी नाटकाची तालीम. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला काय वाटतं?" शाळेची बारा वर्षं झाली होती, आणि मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. ते थांबून राहिले. सगळा वर्ग थांबून राहिला. आठवड्याभरात मी इतकी बोलायला लागले की शेजारची अरब मुलगी लाडाने म्हणाली, "हबीबती, श्वास घे."

प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाने एका जाड वहीत सही केली होती. खोटं बोलणार नाही, कुणाचं काम आपलं म्हणून दाखवणार नाही. त्याला ऑनर कोड म्हणायचे. परीक्षेला वर्गात कुणी पहारा देत नसे, ते या वहीच्या भरवशावर. तो कोड मोडला तर शिष्यवृत्ती जाते, हेही त्याच पानावर लिहिलेलं होतं. मी माझी सही केली, आणि खोली घेतली.

मुलींच्या होस्टेलचा नियम वेगळा. रात्री मुक्कामाला बाहेर जायचं तर पालकांच्या सहीचा फॉर्म वॉर्डनकडे द्यायचा. वॉर्डन जॉर्डनच्या, भारदस्त, बोलताना अर्धं अरबी. दुसऱ्या वर्षी भूगर्भशास्त्राच्या वर्गाची सहल खोर फक्कानच्या डोंगरांत निघाली. गुरुवार-शुक्रवार, एक मुक्काम, मुलं-मुली दोन्ही. समुद्राच्या तळाचा खडक तिथे वर येऊन डोंगर झालाय, तो हाताने फोडून बघायचा. फॉर्म मंगळवारी मिळाला, बुधवारी द्यायचा होता. मी बाबांना फोन केला नाही. टेबलावर बसले, पेन काढलं, बाबांची इंग्रजी सही टाकली. एवढंच.

शुक्रवारी आम्ही डोंगरात असताना बाबा होस्टेलवर आले. आईने तळलेले बांगडे आणि घावणे दिले होते. एरवी मला सोडायला आले तरी ते गेटवरूनच परत जायचे. त्या दिवशी डबा द्यायचा म्हणून आत आले. वॉर्डनने सांगितलं, ती खोर फक्कानला गेली, तुम्हीच तर सही केलीत. बाबांना त्यातलं खोर फक्कान तेवढं कळलं. ते म्हणाले, "यस, यस." डबा ठेवला. वॉर्डनने भेटायला येणाऱ्यांची वही पुढे केली. बाबांनी पेन दाबून धरलं आणि मराठीत सही केली.

संध्याकाळी मी उन्हाने लाल होऊन, पिशवीत दगड घेऊन परतले, तेव्हा वॉर्डनच्या टेबलावर वही आणि माझा फॉर्म शेजारी-शेजारी ठेवलेले होते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"हबीबती, तुझ्या वडिलांचे हात दोन, हे मला माहीत होतं. सह्यापण दोन?"

मी दगडांची पिशवी खाली ठेवली.

"आणि मागचे सगळे फॉर्मही मी काढलेत. खलास. आता डीन बघतील."

डीननी सोमवारी सकाळी दहाला बोलावलं. वडिलांसह. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की प्रश्न ऑनर कोडचा आहे. म्हणजे शिष्यवृत्तीचा. म्हणजे कॉलेजचाच, कारण शिष्यवृत्तीशिवाय मला तिथे एक महिनाही राहता आलं नसतं. घरी परतायचं, आणि लग्नाचं बघेपर्यंत कुठल्यातरी टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाचे फॉर्म टाइप करायचे. आमच्या ओळखीतल्या मुलींचं तसंच होत होतं.

फोन आईने घेतला आणि लगेच बाबांकडे दिला.

"बांगडे खाल्लेस?" बाबांनी विचारलं.

"बाबा, सोमवारी तुम्हाला यावं लागेल. ते विचारतील ही सही तुमची का. तुम्ही हो म्हणा. माझीच म्हणा. नाहीतर मला काढतील."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अरबाबाला विचारायला हवं सुट्टीचं," ते मालकाबद्दल म्हणाले. "बघतो."

सोमवारी ते नऊलाच आले. कारखान्याची पिकअप पार्किंगच्या कडेला उभी, अंगात ईदला घेतलेला शर्ट. मी आत बसले आणि डॅशबोर्डवरचं एक जुनं चलान उलटं करून त्यावर ती सही काढून दाखवली.

"हे कशाला?"

"करून दाखवा म्हणाले तर?"

बाबांनी पेन घेतलं. पहिली सही वाळूत सरडा धावल्यासारखी आली. दुसरी, तिसरी. त्यांची बोटं जाड झालेली, नखांच्या कडेला रेझिन वाळलेलं.

"माझं नाव इंग्रजीत एवढं लांब?"

"तेवढंच आहे बाबा."

"आणि खाली ही शेपटी?"

"ती मी घातली. बँकेतल्या माणसांची असते."

"मी काय बँकेत आहे?" पण त्यांनी शेपटीही काढली. चलानाची पाठ भरली, मग वर्तमानपत्राची कड. पावणेदहाला जी आली ती मी माझ्या सहीशी ताडून बघितली. हुबेहूब माझी होती.

"आली," मी म्हटलं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग चलान घडी करून खिशात टाकलं आणि विचारलं, "विचारलं का नाहीस मला, डोंगराचं?"

"नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," बाबा म्हणाले, आणि गाडीतून उतरले.

डीनच्या खोलीत डीन, वॉर्डन आणि रजिस्ट्रार ऑफिसमधले एक मल्याळी अंकल होते. डीन पिकल्या केसांच्या कॅनेडियन बाई, मला तत्त्वज्ञान त्याच शिकवायच्या. म्हणाल्या, "आज तू वडिलांसाठी भाषांतर करायचं नाही. हे करतील." अंकलनी बाबांना नमस्ते केलं आणि हिंदीत म्हणाले, "आप आराम से बैठो, सर."

मग डीननी एक कागद फिरवला. बैठकीला कोण हजर होतं त्याचा. वॉर्डनने सही केली, अंकलनी केली, मी केली. कागद बाबांपुढे आला.

माझं सगळं लक्ष त्या पेनाच्या टोकावर होतं. बाबांनी कागद थोडा तिरका केला. पेन दाबून धरलं. आणि मराठीत आपलं अख्खं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, घाई न करता.

संपलं, मला वाटलं.

डीननी माझा फॉर्म पुढे सरकवला आणि अंकलकडे बघितलं. अंकलनी विचारलं, "मैडम पूछता है, ये साइन आपका है क्या?"

"मेरा ही है। लेकिन हाथ इसका है," बाबा म्हणाले. "पाँचवीं से। मैंने ही बोला था करने को। मुझे अंग्रेजी नहीं आता।"

"और खोर फक्कान? आपको मालूम था, जा रही है?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नहीं मालूम था।"

अंकलनी ते इंग्रजीत सांगितलं. डीननी चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुझ्या वडिलांना त्यांची स्वतःची सही आहे. चांगली आहे. मग तू दुसरी का केलीस? आईच्या पोटातून तर घेऊन आली नव्हतीस."

मला इंग्रजीत बोलायचं होतं आणि बाबांना ते कळणार नव्हतं, म्हणून मी बोलले. पाचवीचा वर्ग, प्रगतिपुस्तक, अंगठ्याचा टोमणा. मी हेही सांगितलं की इंग्रजी सही आणा असं बाई म्हणाल्याच नव्हत्या, ती थाप माझी. मला त्या अक्षरांची लाज वाटली, म्हणून मी ती बदलली. बोलताना एकदाही थांबले नाही.

अंकल जरा घुटमळले. मग बाबांना म्हणाले, "सर, बच्ची बोलती है, स्कूल में टीचर को हिंदी-मराठी समझ नहीं आता था। इसलिए।"

भला माणूस. त्यांच्याही घरी मुली असाव्यात.

बाबा हसल्यासारखं करून म्हणाले, "वो इतना लंबा बोली। आप इतना छोटा?"

अंकलनी मान खाली घातली. वॉर्डन, ज्यांना हिंदी येत नव्हती, त्यांनाही काहीतरी कळलं असावं. त्या खिडकीकडे बघायला लागल्या. बाबा माझ्याकडे वळले.

"काय सांगितलंस तिला?"

"बाबा," मी म्हटलं, "बाईंना इंग्रजी सही नको होती. मीच खोटं सांगितलं. मला तुमच्या सहीची लाज वाटायची."

ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलला असं मला सांगता येणार नाही. त्यांनी फक्त मनगट खाजवलं, नेहमी खाजवायचे तसं. मग विचारलं, "आणि आता?"

मी उत्तर दिलं नाही. हो म्हणणं खोटं झालं असतं आणि नाही म्हणणंही पुरतं खरं नव्हतं. मी काय म्हणते त्याची त्यांनी वाट बघितली, त्या प्राध्यापकांसारखीच, आणि मग मान हलवून पुढे वळले.

आम्हाला बाहेर बसवलं. दीड तास. बाबांचा तो अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता आणि ते एकदाही घड्याळाकडे बघत नव्हते. साडेबाराला अंकल एक लिफाफा घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि परत गेले.

पिकअप तापली होती, म्हणून आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. बाबा म्हणाले, "वाच. मराठीत सांग. सगळं."

घरचे कागद मी बाबांना वाचून दाखवायचे तेव्हा नको ते गाळून टाकायचे. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्या दिवशी मी काहीही गाळलं नाही. लिहिलं होतं की विद्यार्थिनीने पालकांच्या नावाने फॉर्म भरून होस्टेलची फसवणूक केली. तिचं वर्तन अप्रामाणिक होतं. या सत्रात तिला बाहेर मुक्काम करता येणार नाही. हे पत्र तिच्या फाइलमध्ये राहील. वडिलांनी खरं सांगितलं, आणि नंतर तिनेही सांगितलं, म्हणून शिष्यवृत्ती काढून घेतलेली नाही. पुन्हा असं घडलं तर ती विचारणा न करता काढली जाईल.

"अप्रामाणिक म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"लबाड."

"लबाड असंच लिहिलंय?"

"साधारण तसंच."

"हं." त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, खालच्या डीनच्या सहीवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिलं. "म्हणजे शिकता येणार."

"येणार."

"तुझा तास कितीला?"

"एकला."

"मग इथं काय उभी आहेस," बाबा म्हणाले. त्यांनी पिकअपचं दार उघडलं, आतली गरम हवा बाहेर पडेपर्यंत थांबले, आणि आत बसले. त्यांनी आरसा नीट केला, गाडी मागे घेतली आणि गेले. पुढचे दोन महिने ते फोनवर आलेच नाहीत. आई म्हणायची, जेवतायत, झोपलेत, कारखान्यात आहेत.

मी एकच्या तासाला गेले. गोलात एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले.