मॅटखालची काळी धूळ

मंडळी, कॉलनीच्या फळ्यावर हे मुद्दाम लावून राह्यलो.

पुढच्या महिन्यात मी, आपल्या कॉलनीत येते त्या एजंटच्या मार्फत, नोकरीसाठी मस्कतले चाललो. मागे बायकोले रोज चालवायले साधी, दणकट गाडी पाहिजे. आज सकाळी एक जुनी फियाट पाहिली.

दलाल म्हणे, "भाऊ, गोंडपिपरीच्या डॉक्टरची आहे. घुग्घुसच्या कोळसा खाणीचा रस्ता पाहिलाच नाई तिनं."

मले शक आला. मॅट उचलली, तर खाली कोळशाची धूळ! तसाच परत आलो.

घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बायको म्हणे, "गाडीची मॅट उचलली तुमी. पण ज्या एजंटले पासपोर्ट दिला, त्याले कंपनीचं नाव तरी विचारलं काय?"

नाई विचारलं.

मंडळी, त्या एजंटनं पाठवलेल्या कोणाची चिठ्ठी आजवर कोणाच्या घरी आली काय?