जबड्यातलं तिसरं मूळ

खालच्या दाढेला मुळं दोन. दोन्ही काढून मी ट्रेमध्ये ठेवली होती. तरी जखमेत आणखी काहीतरी टणक लागत होतं.

खुर्चीत रशीदभाई होते, आलापल्लीचे फर्निचरवाले. काही वर्षांपूर्वी जंगलात अस्वलाने त्यांचा चेहरा धरला होता. नागपूरला तारा बांधून जबडा सांधला. व्रण राहिला. चंद्रपूरला माझ्या क्लिनिकमध्ये ते आले ठणकणारी दाढ घेऊन.

"म्याडम, सांज झाली का तोंडात त्याचा वास येते," ते म्हणाले होते. मला वाटलं, पू असेल. एक्स-रेतली सावली मी मोडक्या मुळाची धरली.

इलेव्हेटर, म्हणजे मूळ उचकटायचं हत्यार, त्या तुकड्याखाली घालून मी हलवलं. जबडा पूर्ण बधिर होता. तरी रशीदभाईंनी गुडघे पोटाशी ओढले आणि दोन्ही हातांनी मान झाकली.

"दुखतंय?"

"नाई," ते कसेबसे बोलले. "त्यानं धरलं पुन्हा."

माझ्या असिस्टंट शांताबाई जंगलालगतच्या पोंभुर्ण्याच्या. तोंडातलं रक्त ओढणारी सक्शनची नळी त्यांनी बाजूला घेतली. "म्याडम, हा पूचा वास नाई. अस्वल जवळून गेलं का असा वास येते."

खिडक्या बंद होत्या. वास मलाही येत होता. पण थांबता येत नव्हतं. भोवतीचं हाड इतकं झिजलं होतं, की जोर चुकला तर जबडाच मोडला असता. शांताबाईंनी रशीदभाईंचे हात हळूच सोडवून आपल्या हातात धरले. मी तुकडा थोडा थोडा सैल करत बाहेर काढला.

पिवळट, बाकदार, टोकाला अणकुचीदार. माणसाचा दात नव्हता तो.

धुऊन दाखवला. रशीदभाईंनी तो तळहातावर घेतला. "इतकी वर्षं मी याच्यासंगच जेवून राह्यलो होतो," ते म्हणाले.

मागे मोठा खड्डा राहिला. इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्याला धरायला हाड लागतं. आधी जखम भरू दिली. मग हनुवटीतून हाडाचा तुकडा घेऊन तिथे बसवायचं ठरलं.

"हे हाड कोणाचं?" रशीदभाईंनी दोनदा विचारलं.

"तुमचंच."

"मंग बसवा."

हाड धरलं. इम्प्लांट बसला, वर दात आला. आता ते त्या बाजूने मटण चावतात.

कॉलेजात आम्हाला माणसाचे बत्तीस दात शिकवले. चेहऱ्यावर व्रण दिसला, की चावणारा कोण होता हेही मी आता विचारते.