मंगळवारचं रान

कुठेही उकिडवं बसायची तिला सवय होती. शाळेच्या व्हरांड्यात, ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत, एकदा तर भर रिक्षाच्या रांगेत. काही दिसलं की ती टुणकन खाली बसायची आणि आपला हात धरून ओढायची.

"अगं, खाली बस. मग दिसेल."

आपण अवघडून बसावं, तर समोर काय? भिंतीच्या फटीतून आलेलं पिंपळाचं इवलंसं रोप, नाहीतर झुरळाचा पाय ओढत नेणाऱ्या मुंग्या. लोक बघताहेत याचं तिला काही नसायचं. मला मात्र असायचं.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला एका खाजगी बालवाडीत आम्ही दोघी शिकवायचो. मुलं तीन ते पाच वर्षांची, बहुतेक आसपासच्या टॉवरमधली. एका वर्षी आमच्या संचालिकाबाईंनी ठरवलं, की दर मंगळवारी मुलांना उघड्यावर न्यायचं. परदेशात म्हणे असंच शिकवतात. माहितीपत्रकात त्याला भारी इंग्रजी नाव होतं. आम्ही आपलं ‘मंगळवारचं रान’ म्हणायचो. रान म्हणजे येऊरच्या डोंगराच्या पायथ्याची मोकळी जागा, चार झाडं आणि पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत वाहणारा एक ओहळ. हे काम कोण घेणार, असं मीटिंगमध्ये विचारल्यावर बाकीच्या सगळ्याजणी पाण्याच्या बाटल्या उघडायला लागल्या. हिने हात वर केला, आणि शेजारी बसले होते म्हणून मदतनीस मी.

विहान नावाचा एक मुलगा होता. बसमधून उतरला की थेट चटईवर जाऊन बसायचा. मातीवर पाऊल ठेवायचं म्हटलं की रडायचा. "शी, डर्टी आहे." हिने एकदाही आग्रह केला नाही. त्याच्या शेजारी चटईच्या काठाला बसायची, स्वतःचे पाय मातीत सोडून. त्याच्याशी बोलायचीही नाही फारसं. असे कितीतरी मंगळवार गेले. मग एक दिवस त्याने अंगठा टेकवला. पुन्हा वर घेतला. मग सगळंच पाऊल.

"टीचर, गार आहे!"

मी टाळ्या वाजवणार होते. तिने माझा हात धरला. "बघू नकोस त्याच्याकडे. लाजेल."

त्या दिवशी परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "आमच्या सांचीलाही आणायला पाहिजे गं. आमच्या सगळ्याच पोरांना."

सांची तिच्या भावाची मुलगी, चार वर्षांची. खोपटला डेपोच्या मागच्या चाळीत आई, भाऊ, वहिनी, सांची आणि ही, असे पाचजण राहायचे. हिचं लग्न झालेलं नव्हतं. चाळीत सगळे तिला ताई म्हणायचे आणि पोरांचे अर्ज-बिर्ज तिच्याचकडून लिहून घ्यायचे. ताई पोरांना फुकट कुठेतरी नेतेय म्हटल्यावर पहिल्या रविवारी सात-आठ पोरं नटूनथटून हजर झाली. केसांना तेल, पायांत पांढरे मोजे. एकाच्या हातात पाटी होती. मीही गेले होते. पोरांनी ओहळात धुडगूस घातला. सांचीने चिखलाच्या भाकऱ्या थापल्या आणि एक मला खायला लावली. ही एवढी हसत होती, की तिला खोकला लागला.

दुसऱ्या रविवारी तिघंच आली. तिसऱ्या रविवारी मी चाळीत पोचले, तर कुणीच तयार नव्हतं. सांचीसुद्धा नाही. ती पलंगावर बसून पाढे म्हणत होती.

वहिनी भांडखोर बाई नव्हती. चहा पुढे ठेवून सरळ बोलली. "ताई, राग मानू नका. तुमच्या शाळेतली पोरं मातीत लोळून घरी गेली, की लोकं म्हणतात, वा, काय मस्त शाळा. माझ्या पोरीच्या फ्रॉकला डाग दिसला, की बालवाडीची बाई तिला मागे बसवते. चाळीतली पोरं अशीच, म्हणते."

"मी बोलते त्या बाईंशी," ही म्हणाली.

"किती जणांशी बोलाल?"

भाऊ दारात दाढी करत होता. मागे न वळता म्हणाला, "आपण मातीतनं बाहेर निघालो ना ताई? मग?"

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. हिचे वडील लवकर गेले. त्यानंतर ठाण्यातले मोठमोठे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या कित्येकांच्या पायासाठी खणलेली माती आईने घमेल्यातून वाहिली होती. त्यावरच ही शिकली. आईची बोटं आता सरळ होत नाहीत. तिला खरोखरच नवल वाटलं असावं. तिने विचारलं, "पण बाय, माती काय बघायला जायची असते का गं?"

हिच्याकडे बालशिक्षणाचा डिप्लोमा होता. टॉवरमधल्या आईबापांना मातीचं महत्त्व ती अर्धा-अर्धा तास पटवून द्यायची. आईसमोर ती नुसती उठली. कप उचलून मोरीत गेली आणि तो धूत बसली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हळूहळू पटेल त्यांना."

"त्यांचं काय चुकलं, ते तरी सांग मला," ती म्हणाली.

शाळेतलं रान तेवढं उरलं होतं. तेही हिवाळ्यात गेलं. विहान आता झाडांच्या मुळांत हात घालण्यापर्यंत धीट झाला होता. एका मंगळवारी तिथे त्याला गांधीलमाशी चावली, डोळ्याच्या वर. हिने त्याला उचललं आणि धावत बसपर्यंत आणलं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत डोळा मिटला होता. संध्याकाळी सूज उतरली, तो घरी उड्या मारायला लागला. पण तोवर सुजलेल्या डोळ्याचा फोटो पालकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला होता.

शनिवारी मीटिंग झाली. एक वडील उभे राहिले. "आम्ही मुलांना निसर्ग शिकायला पाठवतो, चावून घ्यायला नाही."

कुणी हसलं नाही. मी उठून म्हटलं, की तिने क्षणभरही वेळ घालवला नव्हता, मी तिथेच होते. संचालिकाबाईंनी मला हातानेच बसवलं. विहानची आई म्हणाली, "टीचरबद्दल तक्रार नाही आमची. पण उद्या साप निघाला तर?" सगळे हिच्याकडे बघायला लागले. ती उभी राहिली. साप निघणारच नाही, असं तिला म्हणता येईना. खोटं ती बोलायची नाही. "निघू शकतो," म्हणाली आणि खाली बसली.

रान बंद झालं. पुढच्या मंगळवारी विहान बूट घालून, टोपी घालून दारात उभा.

"टीचर, बस कधी येणार?"

"आज नाही रे."

"उद्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची टोपी काढून दप्तरात ठेवली.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मग हिरवी प्लास्टिकची लॉन अंथरली गेली. भिंतीवर झाडं रंगवली, ट्रेमध्ये धुऊन आणलेली वाळू आली आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून पक्षी ओरडायला लागले. तो तास हिलाच दिला. एकदा मी दारातून जात असताना एक मुलगी विचारत होती, "टीचर, पक्षी कुठेय?" ही म्हणाली, "डब्यात आहे गं." मुलं खदाखदा हसली. तीही हसली. मी तशीच पुढे गेले.

नोकरीची गरज होती, म्हणून तिने ते वर्ष पुरं केलं. मग भावाने डोंबिवलीत कर्ज काढून फ्लॅट घेतला, एमआयडीसीच्या बाजूला, आणि ती शाळा सोडून त्यांच्याबरोबर गेली.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला गेलेले. चौथा मजला, पांढऱ्याशुभ्र टाइल्स. वहिनीने मला सगळं घर फिरवून दाखवलं, अगदी गीझरसुद्धा. तिचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. खिडक्या मात्र सगळ्या बंद. "संध्याकाळी कंपन्यांचा वास येतो," वहिनी म्हणाली. आई बंद काचेपाशी खुर्चीवर बसली होती. सांची इंग्रजी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आली आणि मला "गुड इव्हनिंग आँटी" म्हणाली. त्या रविवारची चिखलाची भाकरी तिला आठवत नव्हती.

बाहेरच्या खोलीत हिची शिकवणी चालू होती. पहिली-दुसरीची बारकी पोरं रांगेत बसून स्पेलिंग घोकत होती. ही खुर्चीवर, हातात पट्टी. मारायला नव्हे, ओळ दाखवायला. शिकवणी छान चालते म्हणाली. पालकांना हेच हवं असतं.

रिक्षापर्यंत सोडायला ती खाली आली. शेअर रिक्षात दोन सीट भरल्या होत्या, तिसरी माझी.

"एखाद्या रविवारी ये ना ठाण्याला," मी म्हटलं. "जाऊ आपण तिकडे."

ती हसली. माझी ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आत सारली.

"येईन की," म्हणाली. "पण कुणाला घेऊन येऊ?"

रिक्षावाल्याने गाडी सुरू केली.