उजव्या हाताचं फाटक

माझी जाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि तिचे सगळे दात शाबूत आहेत. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते.

आम्ही दोघी कवठे महांकाळकडच्या एकाच घरात सून म्हणून आलो. घरची मेंढरं संपली तसे दोघे भाऊ शहरात आले आणि आम्ही दोघी सरकारी दवाखान्याच्या दोन फाटकांवर बसायला लागलो. पूर्वेच्या फाटकावर मी, पश्चिमेच्या फाटकावर ती. मी पितळेच्या बंबात पाणी तापवायचे, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला पेज करून द्यायचे. ती शहाळी विकायची. माझ्याकडं रात्रभर जागलेली, केस विस्कटलेली माणसं रिकामा थर्मास घेऊन यायची. तिच्याकडं इस्त्रीचे कपडे घातलेले पाहुणे यायचे, दोन शब्द बोलायचे, हसायचे. मला दिवसभरात कुणी हसून बोललं असेल तर ते चुकून.

त्यात तिची सून तिला "आई, जेवलात का?" म्हणून फोन करते. माझी सून फोन उचलते, एवढंच.

मग दवाखाना पाडून नवीन बांधायचं ठरलं. बैठ्या कौलारू खोल्या जाणार, सहा मजली इमारत येणार, आणि दोन फाटकांच्या जागी एकच मोठं फाटक होणार. दुसऱ्या बाजूला सलग भिंत. पालिकेच्या नगररचनावाल्यांनी नकाशा चिकटवला आणि खाली लिहिलं की कुणाला हरकत असेल तर महिन्याच्या आत अर्ज द्यावा.

नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर आतल्या बाजूनं लावला होता. मी चौथी शिकलेली आहे, अक्षरं वाचता येतात. 'मुख्य प्रवेशद्वार' हे उजव्या कडेला छापलेलं दिसलं. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते तशीच उजवा हात लांब केला. हात सरळ धाकटीच्या शहाळ्यांकडं गेला.

मला त्या दिवशी पेज ढवळायचं सुधरलं नाही. भांड्याला करपली. एवढं सगळं तिला आहे, आता फाटकही तिला. माझ्यासमोर भिंत येणार आणि मी भिंतीला पाणी विकणार.

चौथ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. नकाशात दाखवलेलं फाटक तिथं नको, समोरच्या बाजूला करावं. दाखवलेल्या ठिकाणी सकाळी रिक्षांची गर्दी असते, अ‍ॅम्ब्युलन्स अडकते. रिक्षांची गर्दी दोन्हीकडं सारखीच असते, हे मला माहीत होतं. खाली सही, नाव आणि पत्ता म्हणून 'पूर्वेच्या फाटकाजवळ, पाण्याचा बंब'. केळीवाला, चहावाला आणि चप्पल शिवणारा यांच्याही सह्या घेतल्या. त्यांनी वाचलं नाही. माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून केल्या.

सुनावणीला पालिकेच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. मी गेले तर धाकटी आधीच मागच्या खुर्चीवर बसलेली. साहेबांनी अर्ज वाचला, पत्ता वाचला, चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"आजी, फाटक त्या बाजूला नेलं तर तुमचं नुकसान होईल. चालेल?"

मला वाटलं, धाकटीनं नातं सांगितलं असेल, जावेशी वाकडं येईल असं म्हणतोय.

"चालंल की," मी म्हटलं. "लोकांची सोय व्हावी. आमचं काय, सोसायचं थोडं."

साहेब शेजारच्या बाईंना म्हणाले, "असं लिहा, की अर्जदारानं स्वतःचं नुकसान सोसून हरकत घेतली." मागं बघितलं तर धाकटी पदरानं डोळे पुसत होती. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. किती वर्षांनी ती माझ्यामुळं रडत होती. जिना उतरताना तिनं माझा हात धरला. मला वाटलं, गयावया करायची असेल. मी हात सोडवून घेतला.

हरकत मंजूर झाली. पावसाळा सरल्यावर जमिनीवर चुन्याची फक्की मारायला माणसं आली आणि फाटकाच्या पांढऱ्या रेघा धाकटीच्या बाजूला ओढायला लागली. मी बंब तसाच सोडून धावले. तिथं एक इंजिनिअर पोरगी होती. तिला म्हटलं, "बाई, चुकतंय तुमचं. हितलं फाटक मी हलवलंय."

तिनं नकाशा जमिनीवर पसरला. "आजी, वरची बाजू उत्तर. उजवीकडं पूर्व. आधी फाटक पूर्वेला होतं. तुमच्या हरकतीवरून इकडं आणलं."

अर्धा जन्म मेंढरांमागं सूर्य बघून चाललेली मी. भिंतीवरच्या कागदापुढं दक्षिणेला तोंड करून उभी राहिले आणि उजवा हात दाखवला. माझं फाटक मीच उचलून तिच्या दारात ठेवलं होतं.

तोवर धाकटी आली. "आवं अक्का, कशाला उन्हात पळताय? मी बसवते की तुमाला हितंच, माझ्याशेजारी."

"तुला ठावं हुतं? फाटक माझ्याकडं येणार हुतं ते?"

"व्हय. सूनबाईनं मोबाईलवर दावलं हुतं."

"मग तू का न्हाई हरकत घेतली?"

"कशाला घ्यायची? म्हटलं, अक्कांनी लय धूर खाल्लाय, म्हातारपणी चांगलं झालं. आन् तुमी तर माझ्या पदरात टाकलंसा."

म्हणजे यातही तीच पुढं. मला तिच्या शहाळ्यांचा, सुनेचा, दातांचा हेवा होता. आता तिच्या मनाचाही.

मी बंबाकडं परत फिरले. खरं सांगितलं असतं तर चूक कळली असती आणि मनातलंही कळलं असतं. माझ्या बाजूला भिंत उभी राहिली. पाण्याला माणूस फिरकेना, तेव्हा मी बंब उचलून तिच्या शेजारी आणला. आता दिवसभर ऐकते. जो शहाळं घेईल त्याला ती सांगते, "ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्यासाठी जागा सोडली त्यांनी." माणसं माझ्याकडं बघून हसतात, काही जण हात जोडतात. इतकी वर्षं मला हवं होतं ते हसू हेच. ते तिच्या गाड्यावरून माझ्याकडं येतं.

सकाळी मी तिच्या आधी येते आणि बंब बोटभर फाटकाकडं सरकवते. दोन महिने झाले. काल तिनं शहाळ्यांचा ढीग मागं घेतला आणि म्हणाली, "आणखी सरका की अक्का, जागा हाय."

आज मी बंब होता तिथंच ठेवला.