बाबांच्या डाव्या हातासाठी घडवलेला कर्नेल

ऐंशीचे दशक संपत आलेले, मे महिना, नागपूरच्या वेशीवरचे हुडकेश्वरचे आमचे घर. भर दुपारी दोन वाजता अस्मादिकांनी कूलर बंद केला आणि महायज्ञ आरंभला… घरच्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नेल स्वहस्ते बदलून कंपाइल करण्याचा.

कर्नेल म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा. कोणते बटण दाबले असता कोणते अक्षर उमटावे, हेदेखील आमच्या त्या चिमुकल्या सिस्टीमच्या गाभ्यातच कोरलेले असे. एक अक्षर हलवायचे, तर सारा गाभा नव्याने घडवणे प्राप्त होते.

आणि अक्षरे हलवणे आवश्यक होते… बाबांसाठी.

बाबा शहरातल्या महाल भागात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवीत. पस्तीस वर्षे त्यांनी अर्ध्या नागपूरची बोटे वळणावर आणली. त्या फेब्रुवारीत पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आणि जीभ, दोन्ही एकाच प्रभाती काढून घेतले.

बुद्धी शाबूत होती. दिवसातून चार-पाच वेळा ते काहीतरी सांगू पाहत, नेहमी तेच, त्याच चढउतारात… आणि ओठांतून केवळ घरघर बाहेर पडे. डाव्या हातात पेन्सिल दिली, तर कागदावर रेघोट्या. आई वाकून, कानाशी तोंड नेऊन ओरडे, “पानीऽ पाह्यजे काऽऽ? उशी देऊ काऽऽ?” ते डोळे मिटून घेत.

शेजारचे वामनराव रोज समाचाराला येत आणि फाटकातूनच गर्जत, “सरऽऽ! वळखलं काऽ मलेऽऽ?” वीस वर्षांचा शेजार. बाबा भिंतीकडे तोंड फिरवीत. वामनराव हळहळून मला म्हणत, “नाही गा वळखत आता.”

एप्रिलपासून बाबांनी ते सांगू पाहणेही सोडले. ते मौन मला असह्य झाले.

इन्स्टिट्यूटचे टाइपरायटर विकून झाले होते, आणि असते तरी त्या कळा ठोकण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. तिथे मोडीत निघालेला एक संगणक मी घरी आणला होता, त्याची बटणे मऊ होती. माझ्या प्रज्ञेने सिद्धांत मांडला : डावा हात कळफलकाच्या डाव्या बाजूलाच पोहोचणार, सबब सर्व अक्षरे डावीकडे आणावीत. वारंवार लागणारी बोटांखाली, उरलेली एक जादा बटण दाबून. सिद्धांत निर्दोष होता… बहुतेक निर्दोष सिद्धांतांप्रमाणे तोही ज्याच्यासाठी मांडला, त्याला न विचारता.

हार्ड डिस्क नव्हती. दोन फ्लॉपी ड्राइव्ह, आलटून-पालटून घालायच्या सात फ्लॉप्या, आणि सुमारे चार तासांचे अनुष्ठान. हुडकेश्वरला तेव्हा शेतेच अधिक, आमचे घर विजेच्या तारेच्या अगदी शेवटाला. कूलर सुरू झाला की व्होल्टेज कोसळे आणि संगणकमहाशय सर्व विसरून पुनर्जन्म घेत.

“काहून बंद केला कूलर?” आई कडाडली. “माणूस उकडून राह्यला न इथं!”

“आई, चारच तास.”

“तुह्ये चार तास! त्या डबड्याले हवा घाल अन् बापाले वाळू घाल.”

तिने बाबांवर ओला पंचा टाकला आणि पंख्याने वारा घालीत बसली. पहिला प्रयत्न तिसऱ्या तासाला वामनरावांच्या पाण्याच्या मोटरने धुळीस मिळवला. दुसऱ्या दिवशी माझ्याच प्रोग्रामच्या लिखाणातल्या एका राहून गेलेल्या अर्धविरामाने. तिसऱ्या दिवशी सायंकाळी सहाला यज्ञ सिद्धीस गेला… माझा कर्नेल सुरू झाला.

आम्ही बाबांना खुर्चीत बसवले. मी नवी रचना मोठ्याने, अत्यंत मोठ्याने, समजावून सांगितली. त्यांनी कळफलकाकडे पाहिलेही नाही. डावा हात उचलला, बोटे ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत टाइप करू लागले.

पडद्यावर निव्वळ कचरा उमटला.

त्यांनी पडदा पाहिला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कचरा. मग त्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन मला आजही करवत नाही… मनुष्याचे उरलेसुरले घरही कुणी त्याच्या नकळत हलवून टाकावे, तसे.

तेव्हा कुठे माझ्या प्रकांड पांडित्यात उजेड पडला. हात एक गेला होता, पण प्रत्येक अक्षराचे ठिकाण त्यांना पस्तीस वर्षे पाठ होते. त्यांना नवी रचना नकोच होती. मी तीन दिवस त्यांना उकाड्यात बसवून, त्यांच्यापाशी शिल्लक राहिलेली एकमेव गोष्ट मोडली होती.

मी मूळची फ्लॉपी घातली. जुना कर्नेल, जुनी अक्षरे जुन्या जागी.

बाबांचा डावा हात कळफलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालू लागला. एका ओळीला वीस मिनिटे लागली. आई श्वास रोखून उभी. ओळ इंग्रजीत होती, मी अर्थ सांगितला.

“ओरडू नका. मला ऐकू येते.”

तीन महिने आम्ही सारे त्या माणसाच्या कानाशी किंचाळत होतो, आणि थकून सोडून देईपर्यंत तो हेच सांगत होता. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुजबुजावे तशी म्हणाली, “चहा टाकू?”

त्यांनी मान हलवली.

बाबा दिवाळीपर्यंत होते. त्या अवधीत आमच्या घरात कुणी आवाज चढवला नाही. वामनरावसुद्धा फाटकाशी चपला काढून आत येत आणि हळूच म्हणत, “बसू का सर?” माझ्या आयुष्यातले सर्वांत निरुपयोगी सॉफ्टवेअर त्या मे महिन्यात निर्माण झाले. पण ते घडवले नसते, तर बाबांना कळफलकापाशी बसवलेच नसते आणि ती ओळ कदाचित कधी उमटलीच नसती… म्हणून त्याचा मी ऋणी आहे. त्या तीन दुपारींबद्दल मात्र मी स्वतःला आजतागायत क्षमा केलेली नाही.