लिहून देणार हयात आहेत

कागदांचं मला कधी भय वाटलं नाही. सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात गेली. त्यामुळे गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचा अर्ज अडला की तो माझ्याच दाराशी येतो. मी आधी कटकट करते आणि मग लिहून देते. बाईंचं मुखत्यारपत्र असंच माझ्या गळ्यात पडलं.

बाई म्हणजे शेजारच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्यांच्या मागच्या खोलीत खाला राहायच्या. करमाडकडून शिलाईचं मशीन घेऊन भाडेकरू म्हणून आल्या आणि बघता बघता घरातल्याच झाल्या. बाईंचा खुबा मोडला तेव्हापासून त्यांचं हागणंमुतणं खालांनीच काढलं. बाईंचा सख्खा पुतण्या शेंद्र्याला कंपनीत. तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चहा प्यायचा आणि भिंतींकडं बघत बसायचा. घर खालांना मिळावं एवढीच बाईंची इच्छा होती. नाहीतर बाईंमागं तो खालांचं मशीन रस्त्यावर ठेवणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं.

"मृत्युपत्र करा की," मी म्हणाले होते.

"मी मेल्यावर तो तिला कोर्टात ओढील. मला जितेपणी द्यायचंय."

बक्षीसपत्रच करायचं ठरलं. पण घर अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर होतं आणि नाव बदलायला काही महिने जाणार होते. तोवर बाईंचं काय होईल याची खात्री नव्हती, म्हणून नोंदणीचे साहेब घरी येऊन मुखत्यारपत्र करून गेले. वेळ आली की बाईंच्या वतीनं मी सही करायची. साहेब गेल्यावर बाईंनी माझा उजवा हात धरला आणि बराच वेळ न्याहाळत बसल्या.

"हा आता माझा," त्या म्हणाल्या.

मला ते अजिबात आवडलं नाही. मी हात सोडवून घेतला आणि घरी जाऊन साबणानं धुतला. का धुतला ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

अखेर घराला बाईंचं नाव लागलं आणि नोंदणीची तारीख मिळाली. घर घेणाऱ्याचीही सही लागते, म्हणून खाला माझ्याबरोबर निघाल्या. बाईंचा डोळा लागला होता. खालांनी चादर सारखी केली. समोरच्या वहिनी बाईंजवळ बसायला आल्या होत्या.

ऑफिसात सर्व्हर बंद. सकाळपासून आम्ही बाकड्यावर. खाला तसबीहचे मणी ओढत होत्या आणि मी दिसेल त्याच्यावर चिडत होते. मधे दोनदा घरी फोन केला. दोन्ही वेळा वहिनी "झोपल्यात" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. वहिनी एका शब्दावर थांबणारी बाई नव्हे. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं, पण नाही आलं.

तीनच्या पुढं नंबर लागला. मुखत्यार सही करणार असला की त्याच्याकडून एक वेगळं घोषणापत्र घेतात. लिहून देणार, म्हणजे बाई, हयात आहेत, त्यांनी मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, हे खोटं निघालं तर मी शिक्षेस पात्र राहीन, असा मजकूर. मी पेन टेकवलं आणि माझा हात थांबला. "एक मिनिट," म्हणून बाहेर व्हरांड्यात आले आणि फोन लावला.

"बाईंना उठवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

वहिनी म्हणाल्या, "थांबा, कानाला लावते."

"बाई," मी म्हणाले, "सही करू का?"

पलीकडून कुणी बोललं नाही. पण श्वास ऐकू आला. संथ, जरा घरघरता, बाईंचा होता तसाच. मी पाच-सहा श्वास ऐकले, आत गेले आणि सही केली. खालांनी केली. शिक्के पडले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा गल्ली गप्प होती. बाईंच्या खोलीत सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळ्यांच्या तोंडात पदराचा बोळा. बाई खाटेवर, हनुवटीपर्यंत शाल. उशाशी साय धरलेला चहाचा कप. कुणी हललं नाही. सगळ्या माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत होत्या.

"झाली का सही, काकू?" वहिनींनी विचारलं.

"झाली."

"शिक्का बी?"

"शिक्का बी."

मग त्या सगळ्या एकदम रडायला लागल्या. मी पुष्कळ मयतांना गेलेय, पण नळ सोडावा तसं सुरू होणारं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बाई दहाच्या सुमारास गेल्या होत्या. आठ दिवस आधीपासून त्यांनी वहिनींना बजावून ठेवलं होतं, "सही होईस्तोवर कुणी बी रडायचं नाय." तर कुणी रडलं नाही. दुपारी नेमका पुतण्या येऊन गेला. त्याला दारातूनच दाखवलं, झोपल्यात म्हणून. गल्लीत कुणाला शंका नको म्हणून या बाया त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होत्या. बाई, चहा घेता का. बाई, कूस बदलू का.

"दुपारपस्तोर आमालाच वाटाया लागलं, की त्या ऐकतेत," वहिनी म्हणाल्या.

"आणि फोन?"

"लावला की कानाला."

"मग श्वास कुणाचा?"

"कशाचा श्वास? आमी सगळ्या दम धरून बसलो व्हतो."

पंखा असेल म्हणावं, तर सकाळपासून लाईट नव्हती. त्यानंतर मी हा विषय कुणाकडं काढला नाही.

खाला बाईंच्या पायांवर डोकं ठेवून बसल्या होत्या. "मैं उधर बाकडे पे बैठी थी," त्या सारख्या म्हणत होत्या. "ये इधर अकेले गये. नक्को मेरेको घर. मैं सच बोल देती सबको." मला त्यांचं दुःख कळत होतं आणि रागही येत होता. देणारा मेला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी मरतं, हे मला पाठ होतं. बाई दहाला गेल्या असं कुणी म्हटलं असतं, तर माझ्या पिशवीतल्या कागदाला रद्दीची किंमत उरली नसती.

दिवस कलताना पुतण्या परत आला. पायांना हात लावून म्हणाला, "लई गार पडलेत."

"आत्ताच पाण्यानं पुसलेत," वहिनी म्हणाल्या.

"कधी गेल्या?"

खालांनी डोकं वर केलं, तोंड उघडलं.

"साडेचारला," मी म्हणाले. "आम्ही आलो, खालांनी पाणी पाजलं, आणि गेल्या."

खालांचं तोंड उघडंच राहिलं.

स्मशानासाठी फॉर्म भरायचा होता. पुतण्यानं तो माझ्यापुढं धरला. "तुम्हीच भरा काकू. शेवटी तुम्हीच होतात जवळ." त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या क्षणी मला तो पहिल्यांदा बाईंचा पुतण्या वाटला. मी मृत्यूच्या वेळेपुढं साडेचार लिहिलं आणि खाली सही केली. दुपारची सही न कळता केली होती. ही कळून केली.

खाला त्याच घरात राहतात. मशीन चालू असतं, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.