पहिला बार मिस्त्रीचा

उकंडरावला बंदुकीचा आवाज सोसत नसे, आणि त्याने अमडापुरात दुकान टाकले ते नेमके बंदूक दुरुस्तीचे. शेजारी माझे शिंप्याचे दुकान, त्यामुळे करमणुकीची सोय घरबसल्या झाली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे नवे होते. रानडुकरांना त्याची खबर नव्हती, ती पूर्वीसारखीच ज्वारीत घुसत. म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असत. बहुतेक आजोबांच्या काळातल्या, मनात आले तर उडणाऱ्या.

उकंडरावची माय रुखमाबाई. तिची आधीची लेकरे पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा कुणाची नजर लागू नये म्हणून तिने त्याला उकिरड्यावर टेकवून उचलले आणि नाव ठेवले उकंडा. दिवाळीत साधी लवंगीही कधी त्याच्या हाती दिली नाही. असा जपलेला पोरगा जबलपुरात एका उस्तादाकडे राहून बंदुकीचे काम शिकून आला आणि बुलढाण्याहून परवानाही काढून बसला! मायने अबोला धरला. जेवायला मात्र वेळेवर वाढायची.

अडचण वेगळीच होती. आमच्याकडची रीत अशी, की दुरुस्त झालेल्या बंदुकीचा पहिला बार मिस्त्रीनेच काढायचा. नळी फुटली तर हात त्याचा जावा, मालकाचा नव्हे. जबलपुरात हे काम उस्ताद करी. आमचा गडी तेवढ्यापुरता कानात बोटे घालून उभा राही.

पहिले गिऱ्हाईक आले किसनराव पाटील. बंदूक फळीवर ठेवून त्यांनी विचारले, "पहिला बार तूच काढशीन ना बे?"

"हाव," उकंडराव म्हणाला. आवाज इतका बारीक, की मी मशीन थांबवले म्हणून मला ऐकू आला. हा बार निघाला नसता तर पुन्हा कुणी त्याच्या फळीवर बंदूक ठेवली नसती, हे त्यालाही कळत होते.

नाल्याकाठी अर्धे गाव जमले. उकंडरावने दारू भरली, लोखंडी गजाने ठासली, पुन्हा ठासली. तेवढ्या वेळात माझा एक सदरा बेतून झाला असता. आता घोड्याखालच्या बारीक भोकावर दारूची इवलीशी टोपी बसवायची; घोडा तिच्यावर पडला की ठिणगी आत जाते. तेवढ्यात रुखमाबाई ताट घेऊन आली.

"थांब. पूजा न करता हत्याराले हात लावतं काय?"

तिने तुपात कालवलेले कुंकू अंगठ्याने बंदुकीला, घोड्यापाशीच, लावले. जरा जास्तच दाबून लावले. आम्ही हात जोडले. मग उकंडरावने टोपी बसवली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टक्! टोपी फुटली, बार काही निघाला नाही.

पहिला मीच हसलो. "थांबा जरा, जबलपूरहून आवाज याले वेळ लागन!" सगळा नाला हसला. किसनराव मात्र हसले नाहीत. "बुलढाण्यालेच न्या लागते हे बंदूक," ते म्हणाले.

न जाणो बार उशिरा निघाला तर, म्हणून उकंडराव नळी मोकळ्या रानाकडे धरून बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "भगवान, सुई दे."

माझ्या कॉलरला टोचलेली सुई मी दिली. त्याने ती त्या भोकात फिरवली. बाहेर आली ती लालभडक, तुपाने चकाकत. मी रुखमाबाईकडे पाहिले. तिने अंगठा पदरात लपवला होता.

त्याने एक शब्द काढला असता तर सगळे हसू तिच्यावर गेले असते. त्याने सुई धोतराला पुसली आणि मोठ्याने म्हणाला, "माहीच चूक झाली. भोक साफ कराचं राह्यलं." मग मायसमोर वाकला. "माय, आता कुंकू मले लाव. बंदुकीले पुरे झालं."

तिने लावलेले कुंकू कपाळावरून नाकापर्यंत आले.

नवी टोपी बसली. या खेपेस त्याने डोळ्यांसोबत तोंडही मिटले. बार असा निघाला, की मीही खाली बसलो. धूर विरला तेव्हा उकंडराव वाळूत बसलेला, आणि रुखमाबाई त्याचा हात धरून एकेक बोट चाचपत होती.

"पुरी हायत, माय."

"तू गप. मले मोजू दे."

पुढे साखरखेर्ड्याहूनही बंदुका येऊ लागल्या. आधी कुंकू, मग बार, मग बोटांची मोजणी. त्याशिवाय बंदूक मालकाला मिळत नसे. मी त्याला चिडवायचो, "बंदुकीची ग्यारंटी तुही, अन् तुही ग्यारंटी मायची!" डोळे तो शेवटपर्यंत मिटतच राहिला.

रुखमाबाई गेली. तेरवी झाली आणि साखरखेर्ड्याची एक बंदूक तयार झाली. मी नेहमीसारखा नाल्याकाठी गेलो, हसायलाच. उकंडरावने आपल्याच बोटाने कुंकू लावून घेतले आणि बार काढला. मग डोळे मिटलेलेच ठेवून, सवयीने, हात पुढे केला.

बंदुकीच्या मालकाला काही कळेना. तो हात तसाच हवेत राहिला. मला ते पाहवेना. मी पुढे होऊन तो धरला आणि बोटे मोजू लागलो.

"पुरी हायत बे," मी म्हटले.

त्याने हात काढून घेतला नाही. "आणखीन एक डाव मोज," तो म्हणाला. "माय दोनदा मोजे."